जावईबापूंचं प्रेशर

इकडे परदेशात, वेरिबीतल्या आमच्या शेजारच्या काकू "काय बिघडलं?" असं विचारतच घरात शिरतात. आणि आमच्याकडे काहीतरी बिघडलेलं असतंच.

त्या दिवशी पुण्याहून सासूबाई पहिल्यांदाच येणार होत्या. जावयाला बल्बही बदलता येत नाही, हे त्यांचं ठाम मत. नेमकं घर गरम ठेवणाऱ्या हीटिंगच्या पाइपांतलं पाण्याचं प्रेशर उतरलं. मी पाणी भरायचा नळ उघडला आणि तसाच ठेवून चहा टाकायला गेलो. येऊन बघतो तर प्रेशरचा काटा लाल पट्ट्यात आणि भिंतीबाहेरच्या नळीतून कारंजं!

"बाळा, गच्चीवरची टाकी भरतोयस का?" नेहमीसारख्या आत शिरलेल्या काकूंनी नळ बंद केला, रेडिएटरखाली पातेलं धरून स्क्रू सैल केला आणि जास्तीचं पाणी काढलं. काटा मुकाट हिरव्यात आला. काकू चहाला थांबल्या.

बायको सासूबाईंना एअरपोर्टवरून घेऊन आली, तोवर घर मस्त तापलं होतं.

"छान ऊब आहे हो!"

"जावईबापूंनी एकट्यानं केलं सगळं," काकू फुर्रकन चहा ओढत म्हणाल्या. चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही.

सासूबाई खूश. "मग जावईबापू, आता यांच्याकडचंही बघून द्या की!"

"नको नको, माझं उत्तम चाललंय!" काकू अर्धा कप टाकून उठल्या. इतक्या घाईनं घरी जाताना मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं.