जपानची मुलाखत आणि जावयांचा दात

जपानच्या भाषाशाळेत मी वर्षभर शिकलो, तेही चाळिशी उलटल्यावर, आणि त्या अख्ख्या वर्षात एकदाही कुणी कुणाच्या कानाखाली वाजवलेली पाहिली नाही. रायपूरच्या माणसाला असं वर्ष उपासाचं जातं. वर्गातली पोरं माझ्या निम्म्या वयाची. बाई प्रत्येक प्रश्न आधी मलाच विचारायच्या, कारण मी वयानं सगळ्यांत मोठा. त्यामुळे सगळ्यांत आधी मीच चुकायचो, आणि बाई मान लववून माझे आभार मानायच्या. कशाचे, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

त्याच शाळेत माझ्या भाचीला जायचं होतं. नोकरी सांभाळून ती रोज रायपुरातच, तात्यापाऱ्यात, माझ्याकडे जपानी शिकायला यायची. आता राहिली होती फक्त व्हिडिओवरची मुलाखत. घेणार माझ्याच बाई. आधी मुलीशी बोलणार, मग घरच्यांशी. घरच्यांचं मन नाही असं बाईंना वाटलं, की प्रवेश नाही. भाची आठवडाभर नीट जेवली नव्हती.

बहिणीचं घर पुरानी बस्तीत. मधे अंगण, अलीकडे बहीण, पलीकडे तिचे थोरले दीर, म्हणजे भाचीचे मोठे बाबा. रेल्वेतून निवृत्त झालेले, तरुणपणी आखाड्यात घुमलेले. हाताचा पंजा पाहिला तर पोळपाट आठवावा. ते ‘नाही’ म्हणतील या धाकानं आमच्या जावयांनी, म्हणजे बहिणीच्या नवऱ्यानं, त्यांना जपानचा ज सुद्धा सांगितला नव्हता. जावई ‘उरला’ नावाच्या कारखान्यांच्या भागात, रोलिंग मिलमध्ये लालबुंद लोखंडासमोर उभे राहतात. थोरल्या भावासमोर मात्र त्यांचे पाय वितळतात.

मुलाखतीच्या सकाळी मोठे बाबा पान खायला गेले, आणि पानठेलेवाल्यानं तोंडभर हसून सांगितलं, “बधाई हो भैया, बिटिया जापान जा रही है!”

पान तिथंच राहिलं. मी आणि जावई अंगणात होतो, आत भाची लॅपटॉपसमोर ताठ बसली होती, बाईंचा चेहरा पडद्यावर नुकताच उमटत होता, आणि अंगणाचं दार असं आपटलं की भिंतीवरचं कॅलेंडर खाली आलं.

“काहून बे! पानठेल्यावाल्याले मालूम, अन् मले नाही?”

“दादा, मी सांगणारच—”

फाडकन्! जावयांचा चष्मा कूलरच्या पाण्यात. लगेच दुसरी, उलट्या हाताची. जावई स्वतः पन्नाशीचे, पण मार खाल्ल्यावर माणूस तरुण होतो. त्यांनी डोकं खाली घातलं आणि रेड्यासारखी थोरल्याच्या पोटात धडक दिली. दोघं तुळशीवर, तुळस बादलीवर, बादली माझ्या पायावर. मी पंचाच्या आवेशात मधे घुसलो तर कुणाचं तरी कोपर माझ्या नाकावर बसलं. कुणाचं ते अजून ठरलेलं नाही. दोघंही श्रेय घेतात.

“मामा, प्लीज, दरवाजा तो बंद करो!” आतून भाची ओरडली, आणि पुढच्याच श्वासात गोड जपानीत बाईंना सांगू लागली की तिला पहाटेची शांतता फार आवडते.

बहीण लाटणं घेऊन धावली. “भाऊजी, सोडा त्याईले! पोट्टीची मुलाखत चालू आहे!”

“चालू दे! पोट्टी जाऊनच नाही राहिली!” असं म्हणत मोठ्या बाबांनी एक ठोसा दिला आणि जावयांचा पुढचा दात अंगणात पडला. मी तो उचलून खिशात ठेवला. अशा वस्तू आमच्या घरी हरवतात.

नेमकी तेव्हाच भाची दारात आली. चेहरा पांढरा. “बाबा, वो आपको बुला रही हैं।”

जावई तोंड पुसत आत गेले. मोठे बाबा मागोमाग, कारण त्यांनी कॉलर सोडलीच नव्हती. दोघं लॅपटॉपपुढे बसले, मी नाकात कापूस कोंबून मागे उभा. पडद्यावर फक्त चेहरे दिसत होते. कॉलर धरलेली मूठ मागच्या बाजूला होती.

बाईंनी त्यांच्या सुजलेल्या ओठांकडे आणि माझ्या नाकातल्या कापसाकडे पाहिलं. “काही झालं का?”

“दोघे भाऊ कुस्ती खेळतात,” मी जपानीत म्हणालो.

“या वयात! वा.”

मग बाईंनी जावयांना ओलांडून त्यांच्या शेजारच्या पांढऱ्या मिशांकडे पाहिलं, मान खोल लववली आणि काहीतरी विचारलं. भाचीनं भाषांतर केलं.

“मोठे बाबा... त्या म्हणतात, घरात तुम्ही मोठे दिसता, म्हणून आधी तुम्हाला विचारतात. तुमचं मत काय?”

ती आमच्याशी मराठीत बोललेली मी वर्षानुवर्षांत ऐकली नव्हती. एक ‘नाही’ आणि सगळं संपलं असतं. मोठ्या बाबांनी मिशीवरचं रक्त पुसलं, सदरा खाली ओढला आणि पाठ सरळ केली.

“सांग बाईले,” ते म्हणाले. “पोट्टी हुशार आहे. ती जाईन. अन् तिले कोणी तरास देला, तर मी तिथं येईन.”

भाचीनं पहिली दोन वाक्यं तेवढी जपानीत केली. बाई हसल्या. एप्रिलच्या तुकडीत तुला घेऊ, म्हणाल्या, आणि पुन्हा मान लववली. मोठ्या बाबांनीही लववली. कॉलर हातात असल्यामुळे जावयांचीही आपोआप लवली.

पडदा विझला. भाचीनं किंकाळी फोडून आईला मिठी मारली.

“तिले समजते!” मोठे बाबा गरजले. “जपानच्या बाईले समजते का घरात पहिले कोणाले विचाराचं! अन् तू माह्या आईच्या पोटचा!” फाडकन्! क्षणात जावयांचं मुंडकं त्यांच्या काखेत गेलं. तशातच ते माझ्याकडे वळले. आवाज एकदम मऊ.

“काहो, तिकडे थंडी लय पडते काय?”

“बर्फ पडतो.”

“मंग रजई लागन.” त्यांनी काखेकडे वाकून विचारलं, “आयकलं ना बे? आजच आनाची. जाड.”

काखेतलं डोकं हललं. “हव, दादा.”