खिळ्यावरची किल्ली

पहाटे साडेपाचची एसटी यवतमाळहून निघाली तेव्हाच मी थकलेला होतो. त्या वर्षांत कापसानं आमच्या जिल्ह्याचं कंबरडं मोडलं होतं. शेतात, रानात एकट्यानं जाऊन परत न आलेल्या माणसांच्या फायली आमच्या कार्यालयात यायच्या. सरकारी मदतीला पात्र की अपात्र, एवढंच मी त्यांवर लिहायचो. रविवारी त्या टेबलापासून जमेल तितकं लांब जायचं आणि एखादी टेकडी चढायची, एवढीच माझी चैन होती.

चालण्याचे नियम मात्र मला तोंडपाठ. पायात बूट, हातात काठी, दोन बाटल्या पाणी, कचरा पिशवीतून परत आणायचा आणि दिवस मावळायच्या आत खाली उतरायचं. ऑफिसातल्या पोरांना मी हे इतक्यांदा ऐकवलं होतं, की मला येताना पाहून ती चहाला पळत.

फुलसावंगीच्या पुढच्या एका फाट्यावर उतरलो. दिवाळी नुकतीच झाली होती. दोन्ही बाजूंना पऱ्हाटी (कपाशीची झाडं) पांढरी झाली होती आणि बाया ओट्या बांधून वेचणीला लागल्या होत्या. फाट्यावर कुडाचं एक हॉटेल होतं. शेवंताबाई ते चालवत. पन्नाशीच्या असाव्यात. त्यांनी आलूबोंडा पुढे ठेवला आणि मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"कुठी चालले भाऊ?"

"टेकडीवर."

"एकलेच? वर्तं कोणी हाये का तुमचं?"

"कोणी नाही. सहज, फिरायला."

"कायले? नाव काय तुमचं?"

मला बोलायचाही कंटाळा आला होता. "यवतमाळचा आहे. संध्याकाळी येतो परत," एवढंच म्हणालो.

त्यांनी हात पुढे केला. "मंग ज्याच्याबिगर घरी जाता येत नाही, असं काही ठेवून जा. मागच्या पोळ्यापासून मी कोणाले तसं जाऊ देत नाही."

पोळ्याला काय झालं होतं ते मी विचारलं नाही. हसून खोलीची किल्ली दिली. त्यांनी ती कुडाच्या खिळ्याला अडकवली.

वर साग आणि तेंदू होते, आणि गुडघ्याएवढ्या वाळल्या गवताची कुसळं पँटभर टोचत होती. मध्येच एका झाडाखाली अस्वलानं उकरलेली माती दिसली. मी काठी दगडावर आपटत, मोठ्यानं खोकत पुढे सरकलो. माथ्यावर भाकर आणि ठेचा खाल्ला. आठवडाभरात पहिल्यांदाच अन्नाला चव लागली, आणि त्याचंच जरा रडू आलं.

उतरताना पाऊलवाट चुकली. मुरमावरून पाय घसरला आणि घोटा मुरगळला. पलीकडच्या अंगाला डांबरी रस्ता दिसत होता आणि तो उतार सोपा होता, म्हणून लंगडत तिकडेच गेलो. एका काळीपिवळी जीपनं महागावला सोडलं. तिथं यवतमाळची गाडी उभी होती आणि खिडकीजवळची जागाही मिळाली.

किल्ली मला तिथंच आठवली होती. खोटं कशाला सांगू? घोटा ठणकत होता, दुसरी किल्ली शेजाऱ्यांकडे होती. खिळ्यावरची किल्ली कुठं पळून जाते, असं म्हणून मी डोळे मिटले.

रात्री मात्र अंथरुणावर पडलो आणि शेवंताबाईंचा पुढे केलेला हात आठवला. मग झोप लागली नाही.

सोमवारी रजा टाकून पहिल्या गाडीनं गेलो. हॉटेल उघडं होतं, पण चूल थंड होती. माणूस दिसेना. आजूबाजूच्या शेतांत वेचणीला एकही बाई नव्हती. किल्ली खिळ्यावर तशीच लटकत होती. मी बाकावर टेकलो, तोच टेकडीवरून हाक आली.

"ओ यवतमाळवाले भाऊ!"

दुसऱ्या अंगानं दुसरा आवाज आला, मग एका बाईचा. पंधरा-वीस माणसं झाडोऱ्यातून मला शोधत होती. माझ्यासारखी कितीतरी माणसं मी कागदावर निकालात काढली होती. एकट्या माणसाच्या तोंडावरचा थकवा शेवंताबाईंना एका नजरेत कळला होता. मला तो स्वतःच्या तोंडावरही दिसला नव्हता.

"मी इथं आहे," मी ओरडलो. तिसऱ्यांदा त्यांना ऐकू गेलं.

माणसं खाली आली. काल रात्री उशिरापर्यंत आणि आज उजाडल्यापासून ती वर होती. मी हात जोडले. एक म्हातारबा खाली बसत म्हणाले, "आजचा वेचा बुडाला. जाऊ द्या. पोळ्याले गेला तो नाही भेटला, हा माणूस भेटला."

शेवंताबाई शेवटी आल्या. त्यांचं लुगडं कुसळांनी भरलं होतं. त्यांनी चूल पेटवली, चहा ठेवला, मग खिळ्यावरची किल्ली काढून माझ्या तळहातावर ठेवली.

"आता तरी नाव सांगा," त्या म्हणाल्या. "नावाबिगर हाक मारून मारून घसा बसला."

मी नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं, गल्लीसुद्धा सांगितली. लोका सांगे ब्रह्मज्ञान! जाताना आपलं नाव आणि वाट कुणाला तरी सांगावी आणि आल्यावर आलो म्हणून कळवावं, हा पहिला नियम माझ्या यादीत कधी नव्हताच. कळवावं असं माझं कोणी नाही, असंच मी धरून चाललो होतो.

दुपारच्या गाडीनं यवतमाळला परतलो. कुलूप उघडलं आणि बूट काढायच्या आधी टेबलावरचं पोस्टकार्ड ओढलं. पत्ता घातला: शेवंताबाई, चहाचं हॉटेल, फुलसावंगीच्या पुढचा फाटा. त्यांना वाचता येतं की नाही ते ठाऊक नव्हतं, पण पोस्टमन वाचून दाखवील. मजकूर दोनच शब्दांचा होता, 'सुखरूप पोचलो.' खाली पूर्ण नाव लिहिलं.