शेळ्यांवरचं मत

सलग दुसऱ्या हिवाळ्यात सायप्रसच्या डोंगरावर पाऊस फिरकला नाही, तेव्हा इंग्रज जंगलसाहेबाने गावात येऊन कारण सांगितलं. शेळ्या रोपं खातात, म्हणून झाडं नाहीत. झाडं नाहीत, म्हणून ढग थांबत नाहीत. चर्चपुढे जमलेल्यांच्या नजरा हाम्बीसकडे वळल्या. गावात मोठा कळप त्याचाच. त्याच्या हातची हलूमी, शेळीच्या दुधाचं चीज, खाल्ली नाही असं घर नव्हतं.

"साहेब, माझ्या पणजोबाच्याही शेळ्या होत्या," हाम्बीस म्हणाला. "तेव्हा पाऊस पडायचा की."

"तेव्हा जंगलही होतं," दुभाष्याने साहेबाचं उत्तर सांगितलं.



त्या उन्हाळ्यात झऱ्याला नुसता गाळ उरला. ते पाणी बाधून हाम्बीसच्या लेकीचं, देस्पिनूचं तान्हं मूल गेलं. एवढासा खड्डा त्याने स्वतः खणला. त्यानंतर एखादी शेळी कोवळा शेंडा ओरबाडताना दिसली की तो दगड उचलायचा आणि तसाच खाली टाकायचा.

"त्या साहेबाचं काय मनावर घेता?" बायको लुकू म्हणायची. "पाऊस देणारा वर बसलाय."

"आणि शेळ्या माझ्या आहेत," तो म्हणायचा.

शेळ्या ठेवायच्या की घालवायच्या, हे कायद्याने गावाच्या मतावर सोडलं होतं. गावचा मुख्तार, म्हणजे पाटील, काकुल्लीस हा लुकूचा सख्खा भाऊ. मताच्या दिवशी तो हाम्बीसच्या कानाशी येऊन म्हणाला, "दाजी, राग धरू नका. गावाचं बघावं लागतं." मग त्याने पुकारलं, "घालवायच्या म्हणणाऱ्यांनी हात वर करा!"

हात वर गेले. त्यात हाम्बीसचाही होता.

"दाजी, मत कशाला आहे ते कळलं ना?"

"कळलं. मोज."

"आता हलूमी काय माझ्या गाढवीच्या दुधाची करणार का रे हाम्बीस?" मागून कोणीतरी म्हणालं. कोणी हसलं नाही.

लुकूला ही बातमी बायकांकडून कळली. त्या दिवसापासून ती त्याच्यापुढे ताट ठेवायची, पण बोलायची नाही.

त्याने कळप लिमासोल शहरात खाटकांकडे हाकत नेला. रक्ताचा वास येताच शेळ्या दारातच अडल्या. कितीही मारलं तरी पाऊल उचलेनात. शेवटी हाम्बीस स्वतः आत गेला आणि त्याने नेहमीसारखी शीळ घातली. सगळ्या त्याच्या मागोमाग आत आल्या.

पोटासाठी तो जंगलखात्यात पाइनची रोपं लावायला लागला. पुढचा हिवाळाही कोरडा गेला. त्याने साहेबाला विचारलं, "शेळ्या तर गेल्या. मग?"

"इतक्यात नाही, बाबा," साहेब मायेने म्हणाला. "तुझी नातवंडं बघतील."

हाम्बीस वाकून माती दाबत राहिला.

त्यानंतरच्या हिवाळ्यात मात्र पाऊस धो धो कोसळला. ओढे फुगले. काकुल्लीस भिजतच धावत आला. "दाजी, साहेबाचं खरं निघालं बघा!"

तो गेल्यावर हाम्बीस दारातून समोरच्या उतारावर बघत राहिला. त्याने लावलेली रोपं वीतभरही नव्हती. पावसात दिसतसुद्धा नव्हती.

"लुकू," तो म्हणाला, "एवढ्याशा रोपांनी आणला असेल हा पाऊस?"

ती चुलीपाशी त्राहानाची, आंबवलेल्या दुधात वाळवलेल्या गव्हाची, पेज ढवळत होती. ती उत्तर देईल असं त्याला वाटलं नव्हतं.

"नाही हो," ती म्हणाली.

"मग माझ्या शेळ्यांनी काय केलं होतं?"

लुकूने भांडं उतरवलं आणि ती त्याच्याजवळ येऊन बसली. पेज निवून गेली. दोघांपैकी कोणीच जेवलं नाही.