अपेक्षित पगाराचा रकाना

मुलाखतीआधी फॉर्म भरताना शेजारच्या मुलीने ‘अपेक्षित पगार’ या रकान्यात एका दमात पस्तीस हजार लिहिले. माझं पेन तिथेच अडलं होतं.

“एवढे मागितले तर बाहेरच्या बाहेर कटवतील,” मी म्हणालो.

“कटवू देत की! राबणार मी, मग कमी का मागू?”

कारखान्यांच्या गेटवर मी युनियनची पत्रकं वाटतो, त्यांत हेच तर छापलेलं असतं. फरक एवढाच, की तिचा त्यावर विश्वास होता. जळफळाट झाला माझा. मंदी बाजारात येते म्हणतात. खरं तर ती आधी आपल्या हातात शिरते आणि आकडा लिहू देत नाही. मी मुकाट्याने ‘आपण द्याल तो’ असं लिहिलं. आणि या मुलीला नोकरी मिळू नये, असं मला मनापासून वाटलं.