बिनबकऱ्याची सोनपापडी

आमच्या साडूचं मटण एका गोचिडीनं बंद केलं.

प्रभाकरभाऊ नागपूरकडचे, रेल्वेतले, रस्सा थेट पातेल्यानं पिणारे! शेतात गोचीड काय चावली, त्यानंतर मटण खाल्लं की काही तासांनी अंगभर गांधी आणि घुसमट. डॉक्टरांनी बजावलं, बकरा, डुक्कर, असलं सगळं मांस बंद. कोंबडी-मासे चालतील. पण जिलेटिनवाल्या मिठायांपासून जपा. ते जनावरांच्या हाडा-कातड्यापासून करतात. कुणाकुणाला तर दूधही सोसत नाही.

भाऊ आमच्याकडे भिलाईला येणार म्हटल्यावर मी बायकोला, शोभाला, जाहीर केलं, "मिठाई मी तपासून आणतो!" (इथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये उभा जन्म रेल्वेचे रूळ तपासले. पेढा काय चीज आहे?)

हुडको वसाहतीतल्या मिठाईच्या दुकानात मी भिंग काढलं. डब्यावरची अक्षरं मुंगीच्या पायाएवढी! शेवटी खणखणीत आवाजात विचारलं, "भैया, इस सोनपापडी में बकरा तो नहीं है?"

एका बाईनं हातातला डबा हळूच परत ठेवला.

"अंकल, सावन चल रहा है! क्या बोल रहे हो?" दुकानदार ओरडला.

मी सारवासारव केली, "मतलब पूरा बकरा नहीं... थोड़ी हड्डी, चमड़ी..."

उरलेल्या बायाही डबे ठेवून गेल्या!

"हरा निशान देखो ना! हरा! शुद्ध शाकाहारी!" तो रडकुंडीला आला होता. (भिंगातून मला मुंग्या दिसल्या, एवढा ठसठशीत हिरवा ठिपका तेवढा दिसला नाही.) शरमेनं मी बायांनी परत ठेवलेले पेढ्यांचे सगळे डबे विकत घेतले.

घरी शोभानं कपाळाला हात लावला. "हे तं सारे खव्याचे पेढे! भाऊजीले दूध चालते काय, इचारलं काय तुमी?"

नव्हतं विचारलं.

मग मी डोकं चालवलं. भाच्यानं परदेशातून आणलेली एक पिशवी होती. कापसासारख्या मऊ, पांढऱ्याशुभ्र गोळ्या. ना खवा, ना दूध! भाऊ आले, अर्धा चहा झाला, आणि मी ऐटीत ताटली पुढे केली.

त्यांनी एक गोळी उचलली. तेवढ्यात शोभानं पिशवी उलटी करून वाचली. "अहो! जिलेटिन लिहून हाय यावर!"

मी झेप घेतली! गोळी सोफ्यामागे, उरलेला चहा भाऊंच्या पांढऱ्या सदऱ्यावर.

"कावून मारून राहिले जी मले?"

"जनावर हाय त्यात! तोंडात गेलं काय?" मी ओरडलो.

"नाही ना! हातातच होतं."

मी खालीच बसलो. तिथूनच क्षीण आवाजात विचारलं, "अन् दूध... चालते काय तुमाले?"

"चालते ना! आता दुधाचाच तं चहा पेलो. अर्धा सदऱ्यानं पेला."

पेढे बाहेर आले. भाऊंनी दोन उचलले, चवीनं खाल्ले आणि शोभाला म्हणाले, "पेढ्यात काही धोका नाही. फक्त यायले जरा दूर बसव!"

मी मुकाट्यानं खुर्ची उचलून दाराशी नेली.