कुठं लिहिलंय?

विनिफ्रेड टडनमला कुणी ‘आज मंगळवार’ म्हटलं तरी ती कॅलेंडर बघायची. इंग्लंडात, आमच्या सफोकमधल्या गावात चर्चच्या जुन्या नोंदवह्या तिच्याच ताब्यात. अमेरिकेतून पूर्वज शोधत येणाऱ्यांना ती एकच विचारी, “कुठं लिहिलंय?” बहुतेक तिथंच गार पडत.

थर्लो नावाचे गृहस्थ मात्र तयारीनं आले. त्यांचा मूळपुरुष जोनस, वसाहतीच्या काळात बोटीनं अमेरिकेला गेलेला. तो इथल्या जमीनदाराचा मुलगा, असं त्यांच्या पुस्तकात छापलं होतं. तशी पितळी पाटीही त्यांनी करून आणली होती. पण विनिफ्रेडनं होकार दिल्याशिवाय पाद्री ती चर्चच्या भिंतीवर लावू देणार नव्हते.

मी चहा घेऊन गेलो तेव्हा वही उघडी होती. जमीनदाराच्या जोनसचा बाप्तिस्मा एप्रिल १६०९. आणि जमीनदाराच्याच जोनसचं दफन फेब्रुवारी १६०९.

“जन्माआधीच मेला की,” मी म्हणालो.

थर्लो हसले. मेला तो थोरला भाऊ, त्याचंच नाव मग धाकट्याला ठेवलं, असा पुस्तकाचा खुलासा होता. विनिफ्रेड हसली नाही. त्या काळी आपल्याकडे नवं वर्ष पंचवीस मार्चला लागायचं, ती म्हणाली. म्हणजे तो फेब्रुवारी एप्रिलनंतरचा. बाळ दहा महिन्यांचं असतानाच वारलं, ते बोटीत कधी चढणार?

थर्लोंचा चेहरा उतरला. पुस्तकाला आधार काय, हे विचारायचं तिनं सोडलं नाही. पुस्तकानं एका मासिकाचा हवाला दिला होता. मासिकानं आमच्याच चर्चच्या माहितीपत्रकाचा, साल १९४९.

विनिफ्रेडचा कप हातातच राहिला. पत्रकाचा लेखक मला माहीत होता, म्हणून मी चहात बघत बसलो. ती गप्प राहिली असती तर थर्लोंना कधीच कळलं नसतं. मला तिची फार कीव आली.

तिनं उठून कपाटातलं पिवळं पत्रक काढलं, शेवटचं पान उलटलं आणि नावावर बोट ठेवलं. कुमारी वि. टडनम.

“एकोणीस वर्षांची होते,” ती म्हणाली. “मेला तो थोरला भाऊ असेल असं वाटलं, आणि ‘होता’ लिहून टाकलं.” मग पत्रक थर्लोंपुढे सरकवत म्हणाली, “मला कुणी विचारलंच नाही, कुठं लिहिलंय म्हणून.”