टोपीखालची टाळू

माझा स्वभाव तापट आहे. सावली गावी माझ्या माहेरीही सगळे हेच म्हणतात आणि इथे दवाखान्यात नवजात बाळांच्या कक्षातल्या नर्स मुलीही. अकरा वर्षं कमी दिवसांची बाळं सांभाळल्यावर तेवढा हक्क मिळतो, असं मला तेव्हा वाटायचं.

थंडी चांगलीच पडली होती. चामोर्शीकडच्या एका गावातलं बाळ आमच्या काचेच्या पेटीत होतं. दोन महिने आधी जन्मलेलं. आलं तेव्हा त्याच्या मांडीपेक्षा माझा अंगठा जाड होता. आता ते सोळाशे ग्रॅमचं झालं होतं, वाटी-चमच्यानं दूध घेत होतं. पेटीची ऊब आम्ही रोज थोडी थोडी कमी करत आणली होती. आता त्याला साध्या पाळण्यात ठेवायचं होतं.

ऐकायला सोपं वाटतं. पण पेटीबाहेर आलेल्या बाळाला अंगातली ऊब स्वतःच राखावी लागते. ते जमलं नाही तर पोटात गेलेलं दूध अंग तापवण्यातच संपतं, वजन उतरतं, आणि फार गार पडलं तर बाळ श्वास घ्यायचं विसरतं. आठवड्यापूर्वी एकदा त्याला बाहेर काढलं होतं आणि दोन तासांत परत पेटीत ठेवावं लागलं होतं. तेव्हाच बाळाच्या आजीनं, म्हणजे आईच्या आईनं, मला बजावलं होतं, "बाई, पुढच्या बारी पेटीत टाकलं तं आमी घरी नेतो. किती दिवस काचेतून पाहाव?"

घरी नेलं असतं तर त्या थंडीत ते आठवडाभर टिकलं नसतं. बाळाच्या आईलाही ते समजत होतं. पण आजीपुढे तिचं काही चालत नव्हतं.

सकाळी दहाला बाळ पाळण्यात ठेवलं. झबलं, मोजे, टोपी, वरून दोन दुपटी. टोपी काढायची नाही, तापमान काखेत पाहायचं, हा माझाच नियम. डोक्यातून ऊब लवकर जाते म्हणून मी तो सगळ्यांच्या गळी उतरवला होता. आई आणि आजी हात धुऊन पाळण्याजवळ बसल्या. पहिलं तापमान आलं छत्तीस पॉइंट आठ. मग सात. मग पाच. साडेअकराला तीन.

मी खिडकीच्या फटीत कापड कोंबलं, पाळणा भिंतीपासून लांब ओढला, तिसरं दुपटं घातलं. हाताखालच्या मुलीवर दार उघडं टाकलं म्हणून ओरडले. बाळ आईच्या उघड्या छातीशी बांधलं तेव्हा पारा थोडा चढला. पाळण्यात ठेवलं की परत उतरला. मला काही उमगेना आणि उमगत नाही म्हटल्यावर राग येऊ लागला.

डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, पेटी गरम करायला लावा. तीन वाजता बघू."

तीन वाजता छत्तीस पॉइंट एक. पाय गार. पेटीचा दिवा लागलेला पाहून आजी उठली आणि तिनं लेकीची लुगडी थैलीत भरायला घेतली. लेक म्हणाली, "माय, थांब ना." एवढंच.

पेटीत ठेवताना आम्ही बाळाचे कपडे काढतो. मी टोपी ओढली, ती आतून ओलीगच्च. टाळूवरून कापसाचा बोळा घरंगळला. तेल आणि पाणी घोटून भिजवलेला. दर दुधाच्या वेळी आजी टोपी जरा वर करून टाळू भरत होती. पेटी होती तोवर तिला ते करताच आलं नव्हतं. पाळणा मिळाला आणि तिनं पहिलं काम ते केलं. मागच्या खेपेलाही तसंच केलं असणार.

मी सगळ्या कक्षासमोर तोंड सोडलं. "मारून टाकलं असतं तुम्ही याला! खबरदार परत हे तेलकट हात लावाल तर!"

आजी हळूच म्हणाली, "टाळू सुकली तं लेकरू सुकते ना बाई. मले काय मालूम." आणि ती थैली तिथेच ठेवून बाहेर गेली.

डोकं कोरडं करून मी नवी टोपी घातली आणि डॉक्टरांकडे तासभर मागून घेतला. चार वाजता छत्तीस पॉइंट तीन. साडेचारला पाच. सहा वाजता छत्तीस पॉइंट सात, आणि मग ते उतरलंच नाही. पेटी बंद केली. आई पहिल्यांदा हसली. मी मात्र बाथरूममध्ये जाऊन उभी राहिले. माझ्या दोन्ही लेकरांच्या टाळू माझ्या आईनं अशाच भरल्या होत्या, माझ्या डोळ्यांदेखत, सावलीच्या घरी. टोपीखाली बघायला हवं हे इतर कुणाला सुचलं नाही तर नाही, मला सुचायला हवं होतं. ते बाळ माझ्या टोपी न काढण्याच्या नियमापायी जाणार होतं, तितकंच तिच्या कापसापायी.

हे तिला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. उद्या सांगू म्हणत बारा दिवस गेले. त्या बारा दिवसांत आजी रोज यायची, पाळण्यापासून चार हात लांब उभी राहायची, हात पदराखाली. लेक म्हणायची, "घे ना माय त्याले." ती मान हलवायची. मी दिसले की बाहेर जायची.

घरी जायच्या दिवशी बाळ दोन किलोच्या जवळ आलं होतं. आई कागदांवर अंगठा द्यायला गेली, म्हणून मी बाळ आजीपुढे धरलं. म्हटलं, "घ्या."

तिनं घेतलं नाही. आधी दोन्ही तळवे पदराला पुसले, परत पुसले, आणि माझ्या डोळ्यांसमोर उघडून धरले.

"पाहा बाई," ती म्हणाली, "कोरडे हायत."